पाणी दारात यायच्या आधी कुत्र्यामांजरांचं काय करायचं?

सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये माणूस भेटला की पहिला प्रश्न असतो, "इर्विनला किती झालं?" इर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५७ फुटांपर्यंत गेलेली. कोल्हापूरकरांचं तेच राजाराम बंधाऱ्यापाशी, पंचगंगा ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका. हे आकडे आपल्याकडं शाळकरी पोरांनाही पाठ आहेत, कितीला दुकानातला माल माळ्यावर चढवायचा, कितीला फ्रिज टेबलावर ठेवायचा, गाडी विश्रामबागला नेऊन कधी लावायची, सगळं घराघरात ठरलेलं असतं. फक्त घरातलं कुत्रं, मांजर, पिंजऱ्यातला पोपट कितीला हलवायचा हे बहुतेक घरांत ठरलेलं नसतं, आणि मग ते शेवटच्या दहा मिनिटांवर येतं. त्या दहा मिनिटांतच जनावर मागे राहतं. हा लेख त्या दहा मिनिटांसाठी आहे, म्हणजे खरं तर त्याच्या आधीच्या दोन महिन्यांसाठी.

आधी एक गोष्ट डोक्यात नीट बसवा. प्राण्याला ऐनवेळी नवीन काही शिकवता येत नाही. आपल्याला कोणी सांगितलं की "चला, बोटीत बसा", तर आपण घाबरत का होईना बसतो, कारण आपल्याला बोट म्हणजे काय ते कळतं. मांजराला फक्त एवढंच कळतं की घरात आरडाओरडा आहे, फरशीवर पाणी आहे, आणि जो माणूस रोज दूध देतो तो आज अंगावर धावून येतोय. मग ते दिवाणाच्या अगदी कोपऱ्यात जाऊन बसतं आणि हात घातला की ओरबाडतं. कुत्रं थरथरतं, लघवी करतं, उचलायला गेलं की जन्मात कधी न चावलेलं ते चावतं. हा त्याचा दोष नाही आणि तुमच्या माया करण्यातही काही कमी पडलेलं नसतं, भीतीत सगळीच जनावरं अशी वागतात. म्हणून तयारी म्हणजे नुसती बॅग भरणं नव्हे, सवय लावणं. बॅग तासाभरात भरून होते, सवयीला आठवडे लागतात.

मांजरापासूनच सुरू करतो कारण सगळ्यात जास्त अडतं ते मांजरापाशी. बहुतेक घरांत कॅरिअर म्हणजे ती जाळीची बास्केट माळ्यावर असते आणि वर्षातून एकदा, इंजेक्शनला न्यायच्या दिवशी खाली येते. त्यामुळे ती नुसती दिसली तरी मांजर गायब होतं. ती बास्केट आजच खाली काढा, दार उघडं ठेवून हॉलच्या कोपऱ्यात ठेवून द्या आणि आत त्याचं नेहमीचं फडकं अंथरा. खाणं आधी बास्केटच्या बाहेर ठेवायचं, मग दारात, मग आत. काही दिवसांनी ते आपणहून आत जाऊन झोपायला लागतं. त्यानंतर दार दोन मिनिटं लावायचं, मग पाच मिनिटं, मग बास्केट उचलून जिन्यापर्यंत जाऊन परत यायचं. एवढं झालं की निम्मं काम झालं. आणि इतकं करायला वेळच नाही मिळाला, पाणी आलंच, तर जाड उशीचा अभ्रा घ्या, टॉवेलमध्ये मांजर गुंडाळून मागच्या बाजूनं अभ्र्यात सरकवा आणि तोंड सैल गाठीनं बांधा, कापडातून त्याला श्वास घेता येतो. दिसायला क्रूर दिसतं पण मांजर अंधारात शांत होतं आणि तुमचे हात शाबूत राहतात. पातळ प्लॅस्टिकची पिशवी मात्र चुकूनही नको.

दिवाणाखाली, कपाटामागे, वॉशिंग मशीनच्या खालच्या फटीत अशा जागा घरात कुठं कुठं आहेत ते बघून ठेवा, आणि पाऊस वाढल्याची बातमी आली की मांजर एका खोलीत घेऊन दार लावून टाका. नदी रात्रीत पाच फूट चढली तर निदान मांजर शोधायचं तरी काम उरत नाही.

कुत्र्याचं वेगळं. त्याला पट्ट्याची सवय असते, पण बऱ्याच घरांत कुत्रं कंपाऊंडमध्ये साखळीला असतं आणि खरा धोका तिथंच आहे. हे मी कितीही वेळा सांगेन: पाण्याचा धोका असताना कुठलंही जनावर बांधून सोडून जाऊ नका. साखळीतलं कुत्रं, पिंजऱ्यात कुलूपबंद कोंबड्या, गोठ्यात दाव्याला बांधलेली म्हैस, यातली पोहता येणारी जनावरंसुद्धा बुडतात, कारण पाणी गळ्याशी आलं तरी दावं तेवढंच लांब असतं. न्यायची सोय अजिबातच नसेल तर दावी सोडा, गोठ्याचं दार उघडं करा, जमलं तर उंचवट्याच्या दिशेनं हाकला. कुत्र्याला वरच्या मजल्यावर किंवा गच्चीचा जिना उघडा ठेवून, जड भांड्यात पाणी आणि कोरडं खाणं ठेवून मोकळं सोडा. "संध्याकाळपर्यंत येतोच की" असं म्हणून निघालेली माणसं २०१९ ला कितीतरी दिवस घरी परतू शकली नव्हती हे विसरू नका.

पूर सगळीकडे सारखा येत नाही हे पण समजून घ्या, कारण तयारी त्याच्यावर ठरते. कृष्णा-पंचगंगेचा पूर हळू चढतो, कोयनेतून विसर्ग किती, पाऊस किती याच्या बातम्या येत राहतात, म्हणजे आपल्याला काही तास, कधी दिवसभर मिळतो. चिपळूणचं तसं नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी पहाटेच्या अंधारात शहरात शिरलं आणि लोकांना जीव घेऊन वरच्या मजल्यावर पळावं लागलं. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा माणसं ऑफिसात आणि रस्त्यात अडकली आणि जनावरं घरात एकटी. तर सांगली-कोल्हापूरवाल्यांनी आपला "निघायचा आकडा" ठरवावा, आणि तो माणसांच्या आकड्यापेक्षा कमी ठेवावा, म्हणजे इशारा पातळीच्याही आधी कुत्रं-मांजर मिरजेच्या मावशीकडं पोचलेलं असावं. रस्ते चालू असताना रिक्षावाला कुत्रं घेतो, नंतर बोटवाला घेईलच असं नाही. कोकणातल्या आणि मुंबईतल्या लोकांनी मात्र "मी घरी नसलो तर कोण?" याचं उत्तर तयार ठेवावं. शेजारी एक माणूस असा हवा ज्याच्याकडं तुमची किल्ली आहे, ज्याला तुमचं कुत्रं ओळखतं आणि ज्याला बास्केट कुठं आहे हे माहीत आहे. नुसती किल्ली देऊन उपयोग नाही, महिन्यातून एकदा त्याच्या हातून कुत्र्याला बिस्किट खाऊ घाला.

बोटवाला का घेत नाही यावर लोक चिडतात, पण त्याची बाजूही आहे. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ ला बोट उलटून माणसं गेली, ती बातमी ऐकलेला कोणीही बोटीत धडपडणारं, मोकळं, तीस किलोचं लॅब्रॅडोर घ्यायला घाबरणारच. एका बाजूला उडी मारली की बोट कलते. तेच कुत्रं पट्ट्यात, तोंडाला जाळी लावलेलं, मालकाच्या दोन पायांमध्ये गच्च धरून बसलेलं असेल, किंवा मांजर बंद बास्केटमध्ये असेल, तर बहुतेक वेळा "चला, बसा" म्हणतात. बाजारातली जाळी नसेल तर ओढणीच्या पट्टीनं जबड्याभोवती एक वेढा, हनुवटीखाली गाठ आणि कानामागे दुसरी गाठ अशी पाच-दहा मिनिटांपुरती सोय होते. पग, बॉक्सरसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणि उलटी होत असलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या जनावराला हे बांधायचं नाही, गुदमरतील.

अमेरिकेत हा प्रश्न २००५ च्या कॅटरिना वादळात फार मोठा झाला, जनावरांना नेऊ देत नाहीत म्हणून लोकांनी घर सोडायलाच नकार दिला. त्यानंतर २००६ मध्ये तिथं कायदाच केला गेला की आपत्तीचा प्लॅन करताना घरातल्या प्राण्यांचाही विचार करायचा. म्हणजे प्राण्याला वाचवणं हे माणसाला वाचवण्याच्याच कामाचा भाग आहे हे तिथल्या सरकारला मान्य करावं लागलं. आपल्याकडं दुभत्या जनावराला किंमत आहे, २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत गाय-म्हैस दगावली तर ३७,५०० रुपये आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये मदत लिहिलेली आहे (पंचनाम्यासाठी फोटो आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर जपून ठेवा). कुत्र्यामांजराचं त्यात नाव नाही. निवारा केंद्र म्हणजे बहुतेक वेळा शाळेचा हॉल, तिथं लहान मुलं असतात, कुणाला कुत्र्याची भीती असते, त्यामुळे जनावर आत घेतीलच असं धरून चालू नका. म्हणूनच नातेवाईक, मित्र, उंचावर राहणारे ओळखीचे, प्राण्यांचं बोर्डिंग, अशी दोन-तीन ठिकाणं आधीच विचारून ठेवलेली बरी. स्पष्ट विचारा, "पूर आला तर आमची मनी आठवडाभर ठेवशील का?" लोक हो म्हणतात, पण जूनमध्ये विचारलं तर.

बॅगेत काय हवं ते पटकन सांगतो. आठवडाभराचं कोरडं खाणं हवाबंद डब्यात, पिण्याचं पाणी, चालू औषधं, जुनी चादर (नवी नको, घरचा वास असलेली), जास्तीचा पट्टा, मांजराच्या शी-शूसाठी थोडी माती किंवा लिटर (त्यासाठीच मिळणारी वाळू) आणि एक पसरट ट्रे, वर्तमानपत्र, आणि लसीकरणाची वही प्लॅस्टिकच्या पिशवीत. वहीचे फोटो मोबाइलमध्ये आणि शिवाय दुसऱ्या गावातल्या एखाद्या माणसाच्या मोबाइलमध्येही, कारण तुमचा मोबाइल भिजणार हे गृहीत धरा. प्राण्याबरोबर तुमचा स्वतःचा एक फोटो हवा, हरवलेलं कुत्रं आपलंच आहे हे दाखवायला त्याच्याइतका चांगला पुरावा नाही.

ओळखीबद्दल एक गैरसमज फार आहे. मायक्रोचिप म्हणजे जीपीएस नव्हे. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते, त्यात १५ आकडी नंबर असतो, आणि कोणी स्कॅनर फिरवला तरच तो दिसतो, नंबरापुढं तुमचा फोन नोंदवलेला असला तरच उपयोग. चिप जरूर बसवा, पण पुराच्या गोंधळात कुत्रं सापडतं ते एखाद्या दूधवाल्याला, त्याच्याकडं स्कॅनर नसतो. त्याला दिसतो पट्टा. म्हणून पट्ट्यावरच पक्क्या मार्करनं दोन मोबाइल नंबर लिहा, एक तुमचा आणि एक बाहेरगावच्या माणसाचा. मांजराचा पट्टा ओढ बसली की सुटणारा घ्या, नाहीतर कुठं अडकला तर फास बसतो.

आता घरातल्या घरातल्या भानगडी, ज्या पुरापेक्षा जास्त वेळा होतात. गॅस गळती घ्या. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली फरशीलगत साचतो, म्हणजे नेमका तिथं, जिथं मांजराचं आणि कुत्र्याचं नाक असतं. वास आला की लाइटचं बटण चालू पण करायचं नाही आणि बंद पण करायचं नाही, रेग्युलेटर बंद, खिडक्या-दारं उघडी, जनावर उचलायचं आणि बाहेर, मग बाहेरून १९०६ ला फोन. पक्षी असतील तर आणखी एक: नॉनस्टिक तवा रिकामा गॅसवर राहून जास्त तापला तर त्याच्या कोटिंगमधून जी वाफ येते ती आपल्याला जेमतेम जाणवते पण पोपट, बजरी, लव्हबर्ड त्यानं काही मिनिटांत मरू शकतात. पिंजरा स्वयंपाकघरात किंवा त्याला लागून ठेवूच नका.

आग लागली तर जनावर दाराकडं पळत नाही, लपतं. बाथरूम, पलंगाखाली, कपाटात. एक-दोन नेहमीच्या जागा बघा, मिळालं तर उचला, नाही मिळालं तर बाहेर पडा आणि १०१ वाल्यांना नेमकं सांगा, "आतल्या बेडरूममध्ये पलंगाखाली मांजर आहे." परत आत जाऊ नका, धूर दोन-चार श्वासांत माणसाला खाली पाडतो. यासाठीच मुख्य दारावर एक कागद चिकटवून ठेवावा की घरात किती आणि कोणते प्राणी आहेत. पण त्यांना घेऊन निघालात तर जाताना तो कागद फाडून टाका, नाहीतर नसलेल्या मांजरासाठी कोणीतरी जीव धोक्यात घालेल.

शॉक बसून कुत्रं आडवं पडलं असेल तर आधी मेन स्विच, मग कुत्रं. पावसाळ्यात फिरायला नेताना विजेच्या खांबाजवळच्या डबक्यातून नेऊ नका, कुत्रं नेमकं खांबापाशीच पाय वर करतं आणि पायात चप्पल नसते.

विषाचं सांगायचं तर आपल्या औषधांचा डबा हा मांजरासाठी सगळ्यात घातक डबा. ताप आलाय वाटतो म्हणून दिलेली पॅरासिटामॉलची अर्धी गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, कुत्र्यांना आयबुप्रोफेन तसंच. उंदराचं औषध खाल्लं असेल तर घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढत बसू नका, त्यानं आणखी बिघडतं, औषधाचं पाकीट खिशात घाला आणि डॉक्टर गाठा. उंदराच्या औषधांचे प्रकार वेगळे आणि उपचार वेगळे, काही औषधांत रक्त गोठायचं थांबतं पण ते दिसायला दोन-तीन दिवस लागतात. "खाऊन दोन तास झाले, ठणठणीत आहे" यावर विसंबू नका.

पूर ओसरल्यावरचे दिवस लोक हलके घेतात आणि माझ्या मते तिथंच निम्मं नुकसान होतं. लेप्टोस्पायरोसिस तुम्हाला माहीत आहे, उंदराच्या लघवीतून पाण्यात उतरणारा रोग, तो कुत्र्यालाही होतो आणि कुत्र्याच्या लघवीतून घरातल्या माणसांना होऊ शकतो. कुत्र्यांच्या दरवर्षीच्या एकत्रित लसींपैकी काहींमध्ये लेप्टोची लस असते, काहींमध्ये नसते, तेव्हा डॉक्टरांना "लेप्टो आहे ना यात?" असं विचारूनच घ्या. पहिल्यांदा घेत असाल तर काही आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात, म्हणजे जूनमध्ये जाग येऊन उपयोग नाही, एप्रिल-मेमध्येच संपवायला हवं. पुराच्या पाण्यातून आलेलं कुत्रं अंघोळ घालून, बोटांच्या फटी पुसून कोरडं करा, हातमोजे घालून. नंतर ताप, उलट्या, खाणं बंद, डोळे किंवा हिरड्या पिवळ्या दिसल्या तर थांबू नका. पाण्यात गटांगळ्या खाल्लेलं जनावर वर काढल्यावर बरं वाटलं तरी डॉक्टरांना दाखवा, फुप्फुसात पाणी गेल्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

घरात परत जाताना आधी माणसानं जायचं, काठी आणि टॉर्च घेऊन. पाण्याबरोबर साप आडोशाला येतात, गादीखाली, चपलांच्या रॅकमध्ये, आणि कुत्रं हुंगायला जातंच. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्यापैकी कुणी चावल्यावर माणसाला विषावरची जी लस (प्रतिविष) देतात तीच कुत्र्याला चालते, पण ती प्रत्येक जनावरांच्या डॉक्टरकडं असतेच असं नाही. तुमच्या भागात कुणाकडं मिळते ते पावसाळ्याआधी एका फोनवर विचारून ठेवा. चावलं तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चालवायचं नाही, उचलून न्यायचं. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ नंबर आहे, तो फोनमध्ये सेव्ह करा, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आणि सगळ्यासाठीचा ११२ पण.

घाबरलेलं कुत्रं तुम्हाला चावलं, घरचं असो की रस्त्यावरचं वाचवलेलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि दवाखान्यात जा. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. रेबीजमध्ये लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ वाचत नाही, त्याआधी लस घेतली तर वाचतो.

फिशटँकवाल्यांसाठी छोटंसं: लाइट गेली की मासे उपाशी ठेवा, दोन-तीन दिवस त्यांना काही होत नाही, उलट खाणं टाकलं की पाणी खराब होऊन ऑक्सिजन आणखी कमी होतो. बॅटरीवरचा एअर पंप स्वस्तात मिळतो, नसेल तर टाकीतलंच पाणी मगानं काढून वरून धार धरत परत ओतत राहा.

आणि शेवटी, एवढं करूनही जनावर हरवलं तर. चिखलानं सगळे ओळखीचे वास पुसले गेलेले असतात, त्यामुळे आपल्याच गल्लीत कुत्रं वाट चुकतं, म्हणून परतल्यावर बरेच दिवस पट्ट्याशिवाय सोडू नका. हरवलेलं मांजर सहसा लांब जात नाही, आजूबाजूच्या चार-पाच घरांत कुठंतरी गप्प बसलेलं असतं आणि हाक मारली तरी ओ देत नाही. दिवसा गर्दीत शोधू नका, मध्यरात्रीनंतर एकट्यानं टॉर्च घेऊन जा, बंद जिने, पडक्या भिंती, गाड्यांच्या खाली उजेड मारा, डोळे चमकतात. खाण्याचा डबा नेहमीसारखा खळखळवा आणि मग गप्प उभं राहून ऐका. कुत्रं मात्र लांब जातं, त्यासाठी दुसऱ्या दिवशीपासून दूधवाले, पेपरवाले, चहाच्या टपऱ्या, घंटागाडीवाले यांना फोटो दाखवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकताना एक खूण, म्हणजे कानामागचा डाग किंवा वाकडी शेपटी, मुद्दाम लिहू नका. कोणी फोन करून "सापडलंय, आधी पैसे पाठवा" म्हणालं तर तीच खूण विचारा.